घर बदलण्याआधी स्वयंपाकघरात बस

प्रश्न : मी नाशिकची, वय २१. पुण्यात स्पॅनिशची ए-२ पातळी पूर्ण करून फेब्रुवारीत चार महिन्यांच्या भाषा-अभ्यासक्रमासाठी स्पेनमध्ये सालामांकाला आले. एका यजमान कुटुंबात राहते. घरात सत्तरीच्या आजी आणि अधूनमधून येणारा त्यांचा मुलगा. आज नववा दिवस. वर्गात थोडंफार कळतं, पण आजी बोलतात त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही. मी शाकाहारी आहे, अंडं खाते; तसं सांगूनही ताटात मांसाचे तुकडे येतात. रात्रीचं जेवण साडेनऊला, तोवर पोटात कावळे ओरडतात. दुपारी जेवण झालं की खोलीत जाऊन आईला फोन करते आणि रडते. वर्गातल्या दोन भारतीय मुलींनी फ्लॅट घेतलाय, त्या बोलावताहेत. घर बदलू का?

उत्तर :

तू माझ्या वर्गातल्या मुलींच्या वयाची, म्हणून एकेरीच लिहिते. मी पुण्यात वीस-बावीस वर्षं स्पॅनिश शिकवते आहे. त्याआधी सालामांकातच सात महिने एका घरी राहिले होते, आणि तेव्हापासून कितीतरी मुलामुलींना तिकडच्या घरांत रुळताना आणि काहींना न रुळताच परत येतानाही पाहिलंय.

सरळ उत्तर आधी देते. घर बदलू नकोस, निदान आणखी तीन आठवडे तरी नाही. तू लिहिलंस त्यात घर बदलावं असं एकही कारण मला दिसलं नाही. एक सवय मात्र दिसली, ती उद्यापासून बदल : दुपारचं जेवण झालं की उठून खोलीत जाऊ नकोस.

स्पेनमध्ये दिवसाचं मुख्य जेवण दुपारचं, दोन-अडीचला. पहिला पदार्थ, मग दुसरा, मग फळ किंवा दही. पण फळ खाऊन झालं म्हणजे जेवण आटोपलं असं नाही. त्यानंतर कॉफीचा कप पुढ्यात घेऊन, ब्रेडचा चुरा बोटानं गोळा करत अर्धा-पाऊण तास गप्पा चालतात, आणि त्या बैठकीला त्यांच्या भाषेत स्वतंत्र शब्द आहे : सोब्रेमेसा. आपल्याकडे हात वाळेपर्यंत ताटावर गप्पा रंगतात ना, अगदी तेच. शेजारणीचा गुडघा, बाजारातले भाव, मुलाची नोकरी, मेलेल्या नवऱ्याच्या आठवणी, सगळं याच वेळात निघतं. तू भाषा शिकायला हजारो किलोमीटर गेलीस आणि ती सगळ्यात मोकळेपणी वाहते नेमक्या त्याच क्षणी टेबलावरून उठतेस. आजींच्या जागी स्वतःला ठेवून बघ. मुलगी जेवली, बशी उचलली, दार लावून घेतलं. त्यांना वाटत असणार, हिला माझ्या हातचं आवडत नाही. त्या तुझ्याशी कमी बोलायला लागल्या असतील तर त्याचं कारण बहुतेक हेच.

आईचा फोन मी बंद करायला सांगत नाही, वेळ बदलायला सांगते. सध्या नाशिक तुझ्यापेक्षा साडेचार तास पुढे आहे. तू साडेतीनला फोन करतेस तेव्हा तिकडे रात्रीचे आठ. त्याऐवजी पाच-सव्वापाचला कर. आईचं जेवणखाण आटोपून ती निवांत झालेली असेल. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर पुढे जातात, मग फरक साडेतीन तासांचा राहील, तेव्हा वेळ पुन्हा ठरवून घे. आणि रडू येतं त्याची लाज नको. माझ्या पाहण्यात दुसरा आठवडा सगळ्यात जड जातो. पहिल्या आठवड्यात नवलाई असते, दुसऱ्यात ती ओसरते आणि दिवसभर परक्या भाषेत कान टवकारून बसल्याचा शीण तेवढा उरतो. संध्याकाळी डोकं ठणकतं, साधा निरोप समजून घ्यायचाही कंटाळा येतो. हा शीण खरा आहे. झोप भरपूर घे.

आता आजींचं बोलणं. ते तुला तुफान वेगाचं वाटतं, कारण तू सुटे शब्द ऐकायला बघतेस आणि स्पॅनिश माणूस सुटे शब्द बोलतच नाही. एका शब्दाच्या शेवटचा स्वर पुढच्या शब्दाच्या पहिल्या स्वरात मिसळतो. पुस्तकात 'के बास आ आथेर', म्हणजे 'काय करणार आहेस', असे चार शब्द असतात. आजींच्या तोंडी तो एकच शब्द होतो, 'केबासाथेर'. 'कान्सादो', म्हणजे थकलेला, बोलताना 'कान्साओ' होतो. वर्गातले शिक्षक तुमच्यासाठी शब्द सोडवून बोलतात, आजी कशाला बोलतील? म्हणून घरी शब्द पकडायला जाऊ नकोस, अख्खी लकेर पकड. कळली नाही तर 'मास देस्पाथिओ, पोर फाबोर', म्हणजे 'जरा सावकाश', इतकंच म्हण. कळल्याचं नाटक करून 'सी, सी' म्हणत मान डोलावणं ही आपल्या मुलांची सगळ्यात वाईट खोड. समोरच्याला वाटतं हिला कळतंय, आणि तो आणखी वेगात जातो. त्यापेक्षा ऐकलं ते जसंच्या तसं परत म्हण, प्रश्नाच्या सुरात. आजी दुरुस्त करतील.

दुपारी टीव्ही चालू असेल तर हवामानाचा अंदाज रोज त्यांच्यासोबत बघ. शब्द तेच, नकाशा तोच, फक्त आकडे बदलतात. पंधरा दिवसांत तो अंदाज तुला सलग कळेल, आणि हवामान हा तिथला गप्पांचा हक्काचा विषय आहे. सालामांका समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे, फेब्रुवारीतली सकाळ गोठवणारी असते. त्यावर बोलायला कुणीही तयार असतं.

यापुढचा मुद्दा मी प्रत्येक तुकडीला सांगते, आणि तुला सगळ्यात कळकळीनं सांगायचाय तोही हाच. तू स्पॅनिश इंग्रजीतून शिकते आहेस. पुस्तकं इंग्रजीतली, ॲप इंग्रजीतलं, मनातलं भाषांतर इंग्रजीतलं. ते सोड आणि मराठीतून जा. रस्ता कितीतरी जवळचा आहे.

'मे गुस्ता ला सोपा' हे वाक्य इंग्रजीतून आलेल्या मुलांना महिनोन् महिने छळतं, कारण त्यांच्या डोक्यात 'मी आवडते सूप' असा सांगाडा असतो. आपण काय म्हणतो? 'मला सूप आवडतं.' तेच तर आहे! सूप आवडतं, डाळी आवडतात. क्रियापद वस्तूप्रमाणे बदलतं, माझ्याप्रमाणे नाही. स्पॅनिशमध्येही 'मे गुस्ता ला सोपा', पण 'मे गुस्तान लास लेन्तेखास'. 'मे पारेथे' म्हणजे 'मला वाटतं', 'मे फाल्ता' म्हणजे 'मला कमी पडतंय'. हा 'मला' आपल्या हाडामासात आहे.

माणूस असेल तर 'ला' लावायचा, वस्तू असेल तर नाही, हेही आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. 'मी घर पाहते', पण 'मी तुझ्या मुलाला पाहते'. स्पॅनिशमध्ये 'बेओ ला कासा', पण 'बेओ आ तू इखो'. तो छोटासा 'आ' इंग्रजीवाल्यांना वर्षभर विसरायला होतो. तू मराठीत विचार केलास की आपोआप येईल. कर्ता गाळणंही तसंच. 'उद्या येते' म्हटलं की कोण येणार ते क्रियापदच सांगतं, 'मी' लागत नाही. म्हणून प्रत्येक वाक्याची सुरुवात 'यो' नं करू नकोस, तिथे ते सारखं 'मी, मी' केल्यासारखं वाटतं. आणि व्याकरणाच्या पुस्तकातलं ज्याला सगळे घाबरतात ते सब्खुन्तिबो हे क्रियापदाचं रूप? आजी तुला 'किएरो के कोमास मास' म्हणाल्या तर त्या म्हणताहेत, 'तू आणखी खावंस असं मला वाटतं.' आपलं 'खावंस, यावंस, करावं' आठव. सगळे प्रसंग जुळत नाहीत, पण निम्मी भीती तिथेच जाते.

माझ्या स्वतःच्या शिक्षणात एक वाटी फुटली त्या दिवशी मोठं दार उघडलं. मी ज्यांच्या घरी राहत होते त्या बाईंची मातीची एक जुनी वाटी भांडी घासताना माझ्या हातून सुटली. मी घाबरून 'यो ए रोतो' म्हणाले, म्हणजे 'मी फोडली'. त्या तुकडे गोळा करता करता म्हणाल्या, 'नो, इखा, से ते आ रोतो.' शब्दशः बघायला गेलं तर 'ती तुझ्याकडे फुटली'. मला क्षणभर कळेना, आणि मग लख्ख कळलं : 'तुझ्या हातून फुटली.' मुद्दाम केलेलं आणि हातून झालेलं यांत मराठी जो फरक करते तोच त्यांची भाषाही करते. 'से मे आ ओल्बिदादो' म्हणजे 'माझ्या लक्षातून गेलं'. त्या दिवसापासून मी रोजच्या वहीत स्पॅनिश वाक्याखाली मराठी वाक्य लिहायला लागले. तूही लिही. इंग्रजी ओळ वहीत नको.

जिथे मराठी आपल्याला पाडते त्या जागाही सांगते. आपल्या एका 'आहे'ला त्यांची दोन क्रियापदं आहेत, सेर आणि एस्तार. तिथे सरावाला पर्याय नाही. वस्तूपुढे येणारे 'एल' आणि 'ला' आपल्याकडे नाहीतच, म्हणून ते गळतात. आणि 'त्याला पाहिलं', 'त्याला दिलं' या दोन्हींत आपला 'ला' एकच असल्यानं पहिल्याचा 'लो' आणि दुसऱ्याचा 'ले' यांची गल्लत होते. त्यात गंमत अशी की पुस्तक 'लो' सांगतं तिथे कास्तीया या तुझ्या भागातली माणसं पुरुषाबद्दल बोलताना सर्रास 'ले' म्हणतात, आणि स्पॅनिश भाषेच्या अकादमीनंही पुरुषी एकवचनात ते मान्य केलंय. तेव्हा आजी 'ले' म्हणाल्या म्हणून गोंधळू नकोस. परीक्षेत पुस्तकाप्रमाणे लिही.

उच्चारातही देवनागरीची मदत घे. रोमन अक्षरं बघून आपल्या मुलांच्या तोंडून इंग्रजीतले 'ट' आणि 'ड' बाहेर पडतात. स्पॅनिशमध्ये ते आपले 'त' आणि 'द' आहेत. 'डोन्डे' नाही, 'दोन्दे'. त्यांचे प, त, क आपल्यासारखेच, श्वासाचा फुत्कार नसलेले. पाच स्वर आपल्या ओळखीचे. 'पेरो' म्हणजे 'पण' आणि 'पेर्रो' म्हणजे 'कुत्रा'. पहिला आपला साधा 'र', दुसऱ्यासाठी लहान मुलाला चिमणी दाखवताना म्हणतो तो 'भुर्र' आठव. 'ग्राथियास'मधला 'थ' मात्र आपला नाही, तिथे जीभ दातांच्या मध्ये येते. आणि 'खामोन'मधला 'ख' घशात घासून काढायचा.

आता ताटातले मांसाचे तुकडे. आजींनी तुझं ऐकलं नाही असं समजू नकोस. 'कार्ने', म्हणजे मांस, नको म्हटलं की पुष्कळ जुन्या स्पॅनिश माणसांच्या डोळ्यांसमोर मटणाचा मोठा तुकडा येतो. खामोन, म्हणजे खारवून वाळवलेली डुकराची मांडी, त्यांच्या लेखी चवीपुरती घालायची गोष्ट, आपल्या फोडणीतल्या कढीपत्त्यासारखी. तुझ्याच प्रांतात गिखुएलो नावाचं गाव आहे, तिथला खामोन साऱ्या देशात नावाजलेला. त्याचा त्यांना अभिमान असतो. म्हणून नुसतं 'सोय बेखेतारियाना' पुरत नाही. पूर्ण यादी सांग : 'नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी खामोन, नी चोरीथो, नी काल्दो दे कार्ने. उएबोस ई लेचे, सी.' पेस्कादो म्हणजे मासे, चोरीथो म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, आणि शेवटी अंडी-दूध चालतं असं. काल्दो म्हणजे हाडांचं किंवा कोंबडीचं पाणी. साध्या दिसणाऱ्या सूपमध्ये तेच असतं. ही ओळ कागदावर लिहून फ्रीजवर लाव, मुलगा येईल तोही वाचेल. मिश्र सॅलडमध्ये टूना मासा असतो, क्रोकेता या तळलेल्या गोळ्यांमध्ये बहुधा खामोन, मेनेस्त्रा या भाज्यांच्या रश्श्यातही खामोनचे तुकडे. 'मान्तेका' वाचून लोणी समजू नकोस, ती डुकराची चरबी. लोणी म्हणजे 'मान्तेकिया'.

पण नुसतं 'नको' सांगून थांबलीस तर आजी रोज ऑम्लेट करतील, कारण बाकी काय करायचं त्यांना सुचणार नाही. 'हवं' काय तेही सांग, आणि त्यांच्याच स्वयंपाकातलं सांग. सालामांकाच्या उत्तरेला ला आर्मुन्या नावाचा भाग आहे, तिथली मसूर स्पेनभर प्रसिद्ध. ती एरवी चोरीथो घालून शिजवतात. तू मागायची ती 'लेन्तेखास बिउदास', शब्दशः 'विधवा मसूर', म्हणजे मांसाविना शिजवलेली. शब्द आपल्या कानाला बोचतो, पण तिथल्या स्वयंपाकघरातला तो रोजचा शब्द आहे. 'पातातास बिउदास'ही असतात. 'सिन कार्ने' म्हणण्यापेक्षा हा शब्द वापरलास की आजींना तत्क्षणी नेमकं भांडं डोळ्यांपुढे येईल. पालक घातलेले गार्बान्थोस, म्हणजे काबुली चणे, वांगी-टोमॅटो-ढोबळी मिरचीचं पिस्तो, तोर्तिया, म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट, हे सगळं तुझंच आहे. शिवाय फेब्रुवारी-मार्चमध्ये ईस्टरपूर्वीचा उपासाचा काळ सुरू होतो आणि जुन्या वळणाच्या घरांत त्यातल्या शुक्रवारी मांस शिजत नाही. सत्तरीच्या बाईला बिनमांसाचा स्वयंपाक चांगला येत असतो. फक्त त्या दिवसांच्या चण्यांच्या रश्श्यात खारवलेला बाकालाओ मासा पडतो, तेवढं आधी विचार. ईस्टरच्या आठवड्यात तोरीखास होतील, दुधाअंड्यात भिजवून तळलेल्या ब्रेडच्या गोड फोडी. त्या मनसोक्त खा.

संध्याकाळच्या भुकेचं उत्तर त्यांच्या दिनक्रमातच आहे, सहाच्या सुमाराचं खाणं, मेरिएन्दा. 'नेथेसीतो मेरेन्दार', म्हणजे 'मला संध्याकाळचं खाणं लागतं', असं मोकळेपणी सांग. आजी ब्रेड, फळ, कोलाकाओ म्हणजे दुधातला कोको, असं काहीतरी देतील. सकाळी अकराला कॅफेत तोर्तियाचा एक तुकडा खाल्लास तरी दिवस नीट जातो. मी यातलं काही न सांगता महिनाभर बिस्किटांचे पुडे आणून कपाटात ठेवत होते. एक दिवस केर काढताना बाईंना ती वेष्टनं दिसली. त्या रागावल्या नाहीत, पण दोन दिवस त्यांचा चेहरा उतरलेला होता : माझ्या घरात ही मुलगी उपाशी राहते? मला अजून त्याचं वाईट वाटतं. भूक लागली तर सांगायचं, इतकं साधं होतं.

हाक कशी मारायची याबद्दल तू लिहिलं नाहीस, पण वाक्यांवरून वाटतं की तू आजींना 'उस्तेद', म्हणजे 'तुम्ही', म्हणत असणार. त्यांनी 'त्रातामे दे तू', म्हणजे 'मला तू म्हण', असं म्हटलं असेल तर ते मनावर घे. आपल्याला सत्तरीच्या बाईला 'तू' म्हणणं जड जातं खरं, पण घरात आपण आजीला काय म्हणतो? 'आजी, तू जेवलीस का?' तोच 'तू' आहे हा. तिथे 'उस्तेद'ला चिकटून राहिलीस तर अंतर ठेवल्यासारखं वाटेल. तसंच दर वाक्याला 'पोर फाबोर' आणि 'ग्राथियास' जोडायचीही गरज नाही, ती आपली शाळेत शिकलेली इंग्रजी रीत. मराठी घरात पाणी मागताना जेवढं बोलतो तेवढंच तिथे पुरतं. कुणी तुला 'हिंदू' म्हटलं तर तो धर्माचा उल्लेख नाही. त्यांच्या बोलण्यात भारतातल्या कुणालाही 'इन्दू' म्हणतात.

घरातल्या काही गोष्टी भराभर सांगते, कारण कुरबुर यांवरूनच होते. न्हाणीघरातल्या फरशीला पाणी जायला वाट नसते, म्हणून टबाच्या आत उभं राहून पडदा आत घेऊनच आंघोळ. बाहेर थेंब नको. पाणी तापवायचा खर्च मोठा, पाच-सात मिनिटांत आटप. आपण घरात अनवाणी वावरतो, ते त्यांना आजारपणाला आमंत्रण वाटतं. घरात घालायच्या मऊ सपाता आजच घे. दिवे मागे चालू ठेवू नकोस. कपडे धुण्याचा वार विचारून घे. जेवायला येणार नसशील तर सकाळीच कळव. गोल टेबलावर जाड कापड घातलेलं असेल आणि त्याखाली विजेची शेगडी असेल तर ते कापड मांडीवर ओढून बस. घरातली सगळ्यात उबदार आणि सगळ्यात बोलकी जागा तीच.

घर कधी बदलायचं, हेही सांगायला हवं, कारण सगळी घरं तुझ्या आजींसारखी नसतात. यजमान घराला राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात, तेव्हा ठरलेलं जेवण आणि ऊब हा तुझा हक्क आहे, उपकार नव्हेत. जेवण पोटभर मिळत नसेल, थंडीत खोली तापवू देत नसतील, जेवण वेगळं काढून खोलीत पाठवत असतील, घरातले लोक स्वतःच्या सरावासाठी तुझ्याशी इंग्रजीतच बोलत असतील, किंवा घरातल्या कुणाच्याही वागण्यानं तुला असुरक्षित वाटत असेल, तर थांबू नकोस. शेवटच्या बाबतीत तर एक दिवसही नाही. अभ्यासक्रमाच्या समन्वयकांना भेट आणि जे घडलं ते लेखीही दे. माझी एक विद्यार्थिनी दुसऱ्या एका शहरात असताना घरमालकीण संध्याकाळी हीटर बंद करून टाकायची. ती बिचारी महिनाभर स्वेटरवर स्वेटर घालून झोपली, सांगायला संकोचली. सांगितल्यावर दोन दिवसांत दुसरं घर मिळालं. घर बदलणं म्हणजे कुणाचा अपमान नव्हे, समन्वयकांना त्याची सवय असते.

त्या दोन मुलींशी मैत्री ठेव. शनिवारी त्यांच्याकडे जा, खिचडी करा, मन मोकळं कर, माणसाला ते लागतं. पण राहायला जाऊ नकोस. तीन भारतीय मुली एका फ्लॅटमध्ये राहिल्या की घरातली भाषा हिंदी-इंग्रजीच होणार, त्यात कुणाचा दोष नाही. वर्गात सकाळी चार तास स्पॅनिश ऐकून उरलेले वीस तास दुसरीकडे काढायचे असतील तर त्यासाठी सालामांका कशाला हवं? या शहरातलं विद्यापीठ १२१८ सालचं. अंतोनियो दे नेब्रिखा इथे शिकला, इथेच शिकवायचा, आणि त्याचं १४९२ साली छापलेलं कास्तीय, म्हणजेच स्पॅनिश, भाषेचं व्याकरण हे त्या भाषेचं पहिलं छापील व्याकरण. अशा गावात रस्त्यावरही भाषा मिळते. संध्याकाळी प्लाथा मायोरला जा. या चौकात लोक 'घड्याळाखाली भेटू' असं ठरवतात. तू नुसती तिथे उभी राहिलीस तरी कोण कुणाला काय म्हणतंय ते कानावर पडेल. ईस्टरनंतरच्या आठवड्यापुढच्या सोमवारी, लुनेस दे आगुआसला, सारं गाव तोर्मेस नदीकाठी डबे घेऊन जातं. ओर्नाथो हा त्यांचा मांस भरलेला पाव तुला खाता येणार नाही, पण आजींच्या घरच्यांसोबत जा, तोर्तिया बरोबर घे.

आईला पार्सल पाठवायचं असेल तर एक लक्षात ठेवायला सांग : युरोपीय संघात बाहेरून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, बर्फी नको. मोहरी-हळद आणि गोड्या मसाल्याची पुडी पुरे. महिन्याभरानं आजींना विचारून एका रविवारी बरणीतल्या शिजवलेल्या गार्बान्थोसची उसळ कर. तिखट अगदी कमी घाल, खिडकी उघडी ठेव, आणि ओटा त्यांच्याइतकाच लख्ख पुसून दे. त्यांच्या तोंडून पाव, बटाटा, चावी हे शब्द ऐकशील तेव्हा कान दे : पान, पाताता, याबे. आपल्याकडे ते पोर्तुगीजांकडून आले, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. आजींना हे सांग. सोब्रेमेसाला तासभर पुरेल असा हा विषय आहे.

उद्याचं एवढंच काम. कॉलेजातून आलीस की खोलीत न जाता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहा आणि म्हण, 'ते आयुदो?' म्हणजे 'मदत करू?' आजी बहुतेक म्हणतील, 'नो, इखा, सिएन्ताते', बस गं बाळा. मग तिथेच स्टूल ओढून बस. परवा पुन्हा विचार, तेरवाही विचार. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या तुझ्या हातात सुरी आणि बटाटे देतील. रश्श्यासाठी असतील तर सुरीनं आरपार कापू नकोस, अर्धवट कापून शेवटी पिळ देऊन मोडायचे, 'कट्' असा आवाज यायला हवा. त्यानं बटाट्याचं पिठूळ सुटतं आणि रस्सा दाटतो. आजी हे तुला हातात हात धरून दाखवतील, आणि दाखवताना बोलतीलच.